हिराजीची उष्टी नळी

हिराजीबद्दल कोणी विचारलं की मी आजवर विषय बदलत आलो. आता पंच्याहत्तरी उलटली. लिहून टाकतो.

पनवेलच्या माझ्या शेडमध्ये तंबाखूच्या पाइपच्या नळ्या बनत, म्हणजे तोंडात धरायचा काळा भाग. कडक रबराच्या दांड्याला भोक पाडताना सडक्या अंड्यांसारखा वास सुटे. तो कपड्यांत, केसांत, डब्यातल्या पोळीतसुद्धा मुरे. गव्हाण गावचा हिराजी त्या वासात दिवसभर गुणगुणत बसे. जाड टोकाकडून मोठं भोक, ओठांकडून बारीक. दोन्ही मधोमध भेटली की कानशीने टोक चपटं करायचं, आत तार घालून दिव्यावर तापवायचं आणि हलकेच वाकवायचं.

मग तो नळी तोंडात घाली. गाल आत ओढून वारा खेची, टोकावर जीभ फिरवी आणि काळी थुंकी डबड्यात टाकी. मला ओकारी येई. नंतर प्रत्येक नळी तो साबणाने, गरम पाण्याने धुई, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या लेखी ती उष्टीच.

"हिराजी, तोंड लावू नकोस. उजेडात धरून बघ."

"शेट, डोल्याला भोक दिसतं, वारा दिसत नाय. तो जिभेलाच कलतो."

"लोकांना तोंडात धरायची असते ती."

"मंग? घरी वैनी कालवण चाखतात, ते जेवता ना तुमी?"

"हातावर घेऊन चाखतात."

"वारा हातावर घेऊन दावा. मी बी तसाच चाखीन."

सगळे कारागीर हसले. मी चिडलो. पुन्हा नळीला तोंड लागलं तर काम बंद, असं बजावलं. हिराजी कानस पुसत एवढंच म्हणाला, "बरं. पन नली गुडगुडली तर माजं नाव नका घेऊ."

पुढचा सगळा माल परत आला. दोन भोकं भेटतात तिथे बारीकशी पायरी राहिली होती. तिथे ओल साचून नळ्या हुक्क्यासारख्या गुडगुडत होत्या. मुंबईचा व्यापारी समोर येऊन बसला, तेव्हा मी म्हणालो, "काय करणार, कारागिराचा हात बिघडलाय."

हिराजी लेथजवळच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण बंदी कोणाची होती ते सांगितलं नाही. हात धुऊन निघून गेला. त्याला कामावर घ्यावं का, अशी चौकशी करायला इतर शेडवाले आले, त्यांनाही मी तेच ऐकवलं. थुंकी पाहून मळमळणारा मी, हे बोलताना मात्र मजेत चहा पीत होतो.

पुढे पनवेलपासून जवळच्याच द्रोणागिरीत एका गोदामाच्या फाटकावर हिराजी रखवालदार म्हणून दिसला. गाडीजवळ आला, बोटं उघडमीट करत म्हणाला, "शेट, खरंच बिघडला का वो हात? मला तर कललंच नाय."

"वय झालं आता," मी म्हणालो आणि काच वर केली.

गेल्या वर्षी हिराजी गेला. त्या फाटकावर मला म्हणायचं होतं ते असं: हिराजी, तुझा हात बिघडला नव्हता. तोंड लावू नकोस म्हणून मीच अडवलं, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ कर.