ठिपका चुकीच्या बाजूला

समस्त आप्तेष्टांना कळवण्यास अत्यंत गंभीर वाटते की, कोविडच्या दुसऱ्या वर्षी मास्ट्रिख्टच्या एका गृहस्थांचा मेंदू एक दिवस माझ्या झुइडओस्ट उपनगरातल्या स्वयंपाकघरात, पोळपाटाशेजारी मुक्कामाला होता.

स्कॅन तिकडे मास्ट्रिख्टच्या इस्पितळात व्हायचे, जुळवायचं काम मी घरून करायची. एक चित्र मेंदूच्या घडणीचं, घडी न् घडी स्वच्छ. दुसरं धुरकट; बोटं हलवली की मेंदूतली कुठली जागा जागी होते, ते दाखवणारं. हे दोन्ही हातांचं वेगवेगळं काढतात, आधी उजव्याचं, मग डाव्याचं. दुसरं पहिल्यावर नेमकं बसवलं, की सर्जनला कळतं, सुरी कुठे लावायची नाही.

गृहस्थ सायकली दुरुस्त करायचे. गाठ डावीकडे, उजव्या हाताच्या जागेला खेटून. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. नकाशा पाचपर्यंत हवा.

तीनला चित्रं अशी चपखल बसली, की मी खुशीत चहा टाकला. मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं. उजवा हात हलवला तर ठिपका डाव्या अर्ध्यात हवा. हा उजव्या अर्ध्यात लखलखत होता.

मेंदूचे दोन्ही अर्धे इतके सारखे, की चित्र आरशातल्यासारखं उलटं झालं तरी छान बसतं. माझ्याच हातून उलटलं असेल? स्कॅनच्या वेळी उजवी बाजू ओळखायला कानशिलावर चिकटवलेली व्हिटॅमिनची कॅप्सूल घडणीच्या चित्रात उजवीकडेच होती. धुरकट चित्रात ती दिसतच नाही. फाइल तीनदा तपासली. चहा उतू गेला. एका क्लिकमध्ये चित्र उलटवलं असतं, तर ठिपका हवा तिथे गेला असता आणि सगळे खूश झाले असते. बोट माउसवर होतंसुद्धा. ते मी उचलून मांडीखाली दाबून ठेवलं.

स्कॅनरवर नाशिकची एक सहकारी असायची. तिला फोन लावला.

"उजवा हात म्हणूनच सांगितलंस ना त्यांना?"

"कुठला हात ते मी सांगतच नाही, ताई. पडद्यावर बाण येतो. बाण उजवीकडे, तर हात उजवा."

"मग जाऊन विचार त्यांना."

"वॉर्डात जायचं म्हणजे पुन्हा गाऊन, पुन्हा मास्क. चार वाजलेत."

"म्हणूनच जा."

साडेचारला तिचा फोन आला. आवाज चढलेला. "ते म्हणतात, आधी डावा हलवला, मग उजवा. मी खाली जाऊनही बघून आले. रुग्ण पडदा आरशातून बघतो, म्हणून प्रोजेक्टर मुद्दाम उलटं चित्र टाकतो. जंतुनाशकाने पुसताना कोणीतरी ते बटणच बंद केलंय."

म्हणजे चित्रं सरळच होती. उलटे होते ते बाण. ज्याला मी डावा हात समजत होते, तो दुसरा स्कॅन उघडला. ठिपका डावीकडे, गाठीला अगदी चिकटून. पाचला दहा कमी असताना नकाशा आणि सगळी हकिगत सर्जनला पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला घास गेला नाही.

तीन आठवड्यांनी गृहस्थ तपासणीला आले, तेव्हा मी मास्ट्रिख्टला गेले होते. उजव्या हाताने मास्क नाकावर ओढत ते समोर बसले. मी विचारलं, "आत तुम्हाला काहीच चमत्कारिक वाटलं नाही का हो?"

"वाटलं ना. पडद्यावरची अक्षरंसुद्धा उलटी होती. पण तुमच्याच लोकांनी बजावलं होतं, आत गेल्यावर अजिबात बोलायचं नाही."