नानकटाईवरचे मोर

चांगुणावहिनीला कुणी ‘शांत बाई’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. शांत कसली? चिवट आहे ती. शांत माणसाला समोरचा विसरून जातो. वहिनीला आमच्या वारंगा फाट्यावरची एकही बाई विसरलेली नाही आणि त्यातल्या निम्म्या तिच्याशी आजही बोलत नाहीत. नकोच त्यांचं बोलणं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, रत्नपालदादाची बायको. दादा फाट्यावर पेंटर. ट्रकच्या फाळक्यावर मोर, कमळं, वाघ काढायचा आणि नंबर प्लेटा रंगवायचा. नांदेडला एक फोटो स्टुडिओ बंद पडला, तेव्हा तिथून त्याने एक एअरब्रश आणला होता. फोटोवर हात फिरवायला स्टुडिओवाले वापरायचे तो. पेनाएवढा, त्यात दोन थेंब रंग भरायचा आणि मागून हवा सोडायची. आम्ही त्याला पेनगन म्हणायचो. दादाच्या ट्रकांना ती कसली पुरते? कोरी करकरीत घरात पडून राहिली.

आता भट्टीचं सांगते, कारण सगळी भांडणं तिथली आहेत. फाट्यावर माणिकराव बेकरी चालवायचा. जागा जवळच्या डोंगरकडा गावच्या व्यंकटरावांची. ते मोठे जमीनदार, अर्ध्या फाट्याचे मालक. वर्षभर माणिकराव पाव-टोस्ट भाजायचा आणि दिवाळीआधी भट्टी गावच्या बायकांना द्यायचा. ज्याने त्याने आपला मैदा, पिठीसाखर आणि डालडा घरून डब्यात आणायचा, तिथे बसून मळायचा, पत्र्यावर नानकटाई थापायची. भट्टी सकाळी एकदाच लाकडांनी तापवायची आणि त्या धगीवर एकापाठोपाठ एक सगळ्यांचे पत्रे निघायचे. रांग बायकांची नसे, डब्यांची असे. सकाळी डबा नेऊन ठेवला की नंबर लागला. मग बाई घरी जाऊन भाकऱ्या थापून आली तरी चालायचं, डबा तिची जागा धरून बसायचा.

वहिनीचा डबा मात्र जागेवर बसायचा नाही. आम्ही बौद्ध. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. वहिनी उजाडता उजाडता डबा ठेवून यायची आणि परत जाऊन बघते तर तो सगळ्यांच्या मागे. “कुणाचा तरी धक्का लागला असंल,” असं माणिकराव म्हणायचा. दरवर्षी धक्का लागायचा आणि दरवर्षी तो आमच्याच डब्याला. मी एकदा बोलले, तर तिथल्या एका बाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “आधी यांचा पत्रा गेला तर मागून आमचा त्याच भट्टीत जाईन का?” बाकीच्या खाली बघून मैदा मळत राहिल्या.

शेवटचा नंबर म्हणजे भट्टी निवत आलेली. आमची नानकटाई भाजायची, पण रंग धरायची नाही. पांढरी फटक, तापातून उठलेल्या माणसासारखी. १९९७ च्या दिवाळीत दादा ती बघून म्हणाला, “याच्यावर तर प्रायमर मारल्यावानी दिसून राहिलं. रंगच द्यायचा बाकी हाय.” त्याने गंमत केली होती. वहिनीने ती खरी केली.

पुढच्या चौदा एप्रिलला तिने माणिकरावला गाठून, टोस्ट निघाल्यावर उरलेल्या धगीत एक पत्रा भाजून घेतला. नानकटाई फुगीर असते, तिच्यावर छाप बसत नाही, म्हणून पोळपाटावर लाटून वाटीने चपट्या कापल्या होत्या. दादाच्या स्टेन्सिली एक्स-रेच्या जुन्या फिल्मांच्या असायच्या. वहिनीने रंग न लागलेल्या दुसऱ्या फिल्मा सोड्याच्या गरम पाण्यात घासून काचेसारख्या केल्या आणि ब्लेडने त्यातून पिंपळपान कापलं. जिलबीत घालतात तसला खायचा रंग, पण निळा, पाण्यात कालवला. हवेसाठी दादाची नेहमीचीच युक्ती होती. पंक्चरवाल्या रूपसिंगकडून ट्रकची ट्यूब फुगवून आणायची आणि तिच्या तोंडाला नळी लावायची. ट्यूबवर एक गुडघा टेकून, डाव्या हाताने स्टेन्सिल दाबून वहिनी बोटाने पेनगनचा घोडा दाबायची. फुस्स. स्टेन्सिल सरळ वर उचलायची. खाली निळं पान, कडा ब्लेडने कापल्यासारखी.

जयंतीच्या दिवशी ती नानकटाई पोरांच्या हातात फिरली आणि बघता बघता फाटाभर झाली. दोन-तीन वर्षांत वहिनीकडे मोर, कोयऱ्या, कमळं अशा पन्नासेक स्टेन्सिली जमल्या. लोक यायचे, बघायचे, “काय हात हाय गं तुझा,” म्हणायचे. दिवाळीत डबा मात्र शेवटीच.

२००१ च्या उन्हाळ्यात व्यंकटरावांच्या सखुबाई आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत, जीपच्या दाराशीच उभ्या राहिल्या. त्यांच्या राजनंदिनीचं लग्न ठरलं होतं. रुखवतात मांडायला मोराच्या नानकटाया हव्या होत्या.

“चांगुणे, काय घेशील?” त्यांनी विचारलं.

वहिनी म्हणाली, “मला पैसे नको, बाई. जागा तुमची हाय, माणिकराव तुमचं ऐकतात. दिवाळीला माझा डबा मी ठेवीन त्याच नंबरावर राहू द्या. एवढंच.”

सखुबाई हसल्या. “बस? अगं, देते की. माझा शब्द हाय.”

मला तेव्हाच वहिनीचा राग आला. आपल्या हक्काची गोष्ट काय मागून घ्यायची? पण तिला ती हवी होती. दहा वर्षं तिने त्या रांगेत खाली मान घालून काढली होती आणि तिला पैशाची, कौतुकाची नाही, फक्त त्या रांगेतल्या आपल्या जागेची पडली होती. मला ते पटलं नाही, पण मी ट्यूब उचलून तिच्याबरोबर डोंगरकड्याला गेले.

नानकटाया त्यांनी आधीच माणिकरावकडून भाजून आणल्या होत्या. अंगणात निंबाखाली पाट मांडला होता. वहिनी पाटाजवळ गेली तशा सखुबाई म्हणाल्या, “तू तिथूनच मार रंग. रंग तर हवेनं उडतो नं? त्याला हात लावायचं काय काम? स्टेन्सिल मी धरते.”

त्या क्षणी मला कळलं की या बाईला आमची पेनगन का आवडली. हातावेगळा रंग. करायचं आम्ही, पण शिवायचं नाही. आमच्याच स्टेन्सिली तिने आमच्या डोळ्यांदेखत तीन पाण्यांनी धुऊन घेतल्या.

“वहिनी, चल घरी,” मी म्हणाले.

“थांब गं,” वहिनी म्हणाली. “डब्याचं काम हाय.”

मग सुरू झाला तमाशा. स्टेन्सिल धरायला सोपी वाटते. ती नानकटाईवर घट्ट बसली नाही की हवा खालून शिरते आणि रंग पसरतो. उचलताना जराशी घसरली की मोराची मान जाते. सखुबाईंचा पहिला मोर कोंबडीसारखा आला, दुसरा तर भिजलेल्या कोंबडीसारखा. परातभर नानकटाई वाया गेली. मी तोंड दाबून हसत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. सखुबाई घामाघूम होऊन वहिनीवरच खेकसल्या, “तुझी हवाच वाकडी येऊन राहिली.”

राजनंदिनी इतका वेळ ओसरीवर बसून बघत होती. ती खाली आली आणि म्हणाली, “आई, पुरे. काकू, तुम्हीच ठेवा.”

सखुबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. “मला आत काम हाय,” म्हणाल्या आणि पाठ फिरवून गेल्या. म्हणजे हात लागला तर लागू दे, त्यांनी पाहिलेलं नसलं म्हणजे झालं. वहिनीने स्टेन्सिल उचलली आणि दिवस मावळेपर्यंत सगळे मोर काढले. मानेला निळा, पिसाऱ्याला हिरवा आणि पिसांच्या डोळ्यांना पिवळा, अशा एकेका मोराला तीन स्टेन्सिली.

लग्नात रुखवतावर पाटी होती, ‘राजनंदिनीच्या हातची कलाकुसर’. मुलाची आई रुक्माबाई, जिंतूरकडची. तिने मोराची नानकटाई उचलली, खाल्ली, दुसरी खाल्ली आणि भर मांडवात सुनेची पाठ थोपटली. आम्ही बाहेरच्या पंगतीतून बघत होतो. वहिनी जेवत होती. मी पत्रावळ तशीच टाकून उठले.

दिवाळी आली. सखुबाईंनी शब्द पाळला, त्यांनी खरंच माणिकरावला सांगितलं. वहिनीने डबा सगळ्यात आधी नेऊन ठेवला आणि त्याला कुणी धक्का लावला नाही. मग एकेक बाई आली. तिने डबा ठेवला, पुढचा डबा कुणाचा ते पाहिलं आणि आपला उचलून घेतला. “माझी साखर राहिली घरी.” “आज न्हाई जमायचं, पाहुणे येऊन राहिले.” तासाभरात तिथे आमचा एकटा डबा उरला.

माणिकराव हात चोळत म्हणाला, “वहिनी, नंबर तुमचाच हाय. पण एका डब्यासाठी भट्टी कशी तापवू? लाकडं जातात. त्यापेक्षा उद्या या, समद्याईच्या मागून टाकून देतो.”

इतका साधा डाव. नंबर दिला आणि रांगच उचलून नेली. मी त्या माणसाला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. वहिनी डबा उचलून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिने तो पुन्हा पहिला नेऊन ठेवला. पुन्हा बायका आल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशी तेच. दोघी-तिघी जीप करून कळमनुरीला गेल्या, बाकीच्यांच्या घरी नानकटाईच नाही. भट्टी थंड, माणिकरावचं तोंड आंबट. दादा म्हणाला, “काहून जीव जाळून राहिली? दुकानातून आणू.” वहिनी म्हणाली, “मला खायची न्हाई. मला भाजायची हाय.”

मग वसुबारसेच्या सकाळी व्यंकटरावांची जीप भट्टीसमोर थांबली. राजनंदिनीचा पहिला दिवाळसण होता. जावई आला होता आणि सोबत विहीणबाई रुक्माबाईही. त्यांनी येतानाच हट्ट धरला होता की या वेळी सुनेने मोराच्या नानकटाया त्यांच्यासमोर कराव्यात, त्यांना बघायचं आहे. जीपमधून मायलेकींसोबत त्याही उतरल्या. सखुबाई दोन्हीकडून अडकल्या. भट्टी हवी, आणि भट्टीपेक्षा वहिनी हवी.

सगळ्यांच्या देखत सखुबाईंनी आपला डबा वहिनीच्या डब्यामागे ठेवला. ते बघून बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांचेही डबे मागे लागले. मोठ्या घरचा डबा आमच्या मागे बसला, आता त्यांना कसली अडचण? माणिकरावने लाकडं पेटवली. वहिनीने मांडी घालून मैदा मळला, चपट्या कापल्या, पत्रा भरला. भट्टीच्या पहिल्या धगीत पहिला पत्रा आमचा गेला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

पत्रा आत असताना सखुबाई वहिनीजवळ वाकून हळूच म्हणाल्या, “चांगुणे, ते पेनाचं सामान घेऊन दुपारी घरी ये. पोरीला जरा दाखवून दे. विहीणबाईला कळू देऊ नको.”

“न्हाई येणार,” वहिनी म्हणाली. नेहमीच्याच आवाजात, पण तो रांगभर ऐकू गेला.

“काहून? तुझा नंबर लागला की.”

“लागला, बाई. तुम्ही दिला म्हणून न्हाई लागला. मी हटले न्हाई म्हणून लागला.”

रुक्माबाई जवळ आल्या. “काय झालं? या कोण?”

सखुबाईंनी पदर ओढून घेतला. राजनंदिनीचा चेहरा पडला होता. तिने तोंड उघडलं, पण तिच्या आईने तिचं मनगट दाबलं, मी पाहिलं. त्या पोरीची मला कीव यायला हवी होती, आली नाही.

माणिकरावने पत्रा बाहेर ओढला. नानकटाया तांबूस, खरपूस, एकही फिकी नाही. वहिनीने पत्र्यावरची एक उचलली, गरम होती म्हणून दोन्ही हातांत झेलली आणि रुक्माबाईंच्या समोर धरली.

“मी चांगुणा. रत्नपाल पेंटरची बायको, आमी बौद्ध. लग्नात तुमी दोन खाल्ल्या त्यांच्यावरचे मोर माझ्या हातचे होते. स्टेन्सिल बी मीच धरली होती. आवडल्या होत्या म्हणून ही बी घ्या.”

रुक्माबाईंचा हात अर्धा वर आला होता, तो तिथेच थांबला. त्यांनी सखुबाईंकडे पाहिलं, वहिनीच्या तळव्याकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

वहिनी जराही हलली नाही. रुक्माबाई तोंड फिरवून जीपमध्ये जाऊन बसेपर्यंत तिने हात तसाच ठेवला. मग ती नानकटाई तिने स्वतःच्या तोंडात टाकली, सगळ्यांसमोर उभ्याने चावून खाल्ली, बाकीच्या डब्यात भरल्या आणि माणिकरावला म्हणाली, “यांचा पत्रा लावा आता. आमच्या मागचा नंबर त्यांचा हाय.”