मीनलला सापडलेलं देवगांडूळ

"पेडणेकर बाई, लवकर या! ह्या गांडुळाला जबडा आहे हो!"

मीनल सावंत तळ्याच्या पलीकडच्या काठावरून ओरडली, तेव्हा मी कमरेभर पाण्यात उभी राहून बाकीच्यांना कासवाचा सापळा बांधून दाखवत होते. सापळा म्हणजे जाळीचा लांबट पिंजरा. आत मासळीचा तुकडा ठेवायचा आणि पिंजऱ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील असा तो खुंटीला बांधायचा. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. पिंजरा पूर्ण बुडला तर ते आत गुदमरून मरतं. हे सांगतानाच 'जबडा' हा शब्द कानावर आला आणि मी सापळा बाकीच्यांच्या हाती देऊन पाण्याबाहेर आले.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तळ्यांमधली दुर्मीळ कासवं, बेडूक आणि त्यांचे भाऊबंद आमचं खातं नोंदवणार होतं. त्यासाठी कॉलेजातल्या लोकांना फील्ड ट्रेनिंग द्यायचं काम माझ्याकडे होतं. पालीजवळचं, सुपारीच्या बागेला लागून असलेलं हे तळं मीच निवडलं होतं. मीनल कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर. प्रिन्सिपॉलनी पाठवलं म्हणून आलेली. बेडूक हातात घ्यायची वेळ आली की रुमाल शोधायची.

आणि मी त्याच काठावर कित्येक पावसाळे देवगांडूळ शोधत होते. ते बेडकाच्याच भावकीतलं, पण बिनपायांचं. ओल्या मातीत राहतं, दिसतं गांडुळासारखं. लोक साप समजून ठेचतात. आमच्या खात्याकडे जिल्ह्यातली एकही नोंद नव्हती. पहिली माझीच असणार, हे मी मनात ठरवून टाकलं होतं.

वाळा असू दे, वाळाच असू दे, असं म्हणत मी काठाकाठाने गेले. वाळा हा करंगळीहून बारीक, निरुपद्रवी साप. गांडुळाला नसतो तो जबडा त्यालाही असतो, त्यामुळे नवशिके हमखास फसतात.

नेमके पुण्याहून आमच्या खात्याचे साहेब पाहणीला आलेले. तेही येऊन उभे राहिले.

"कुठे मिळालं?" मी विचारलं.

"ह्या कुजक्या झावळ्यांखाली. तुम्ही सांगितलंत तशी पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलली." तसं उचललं की खाली साप असला तरी तो पलीकडे पळतो, अंगावर येत नाही.

तो ढीग मी गेल्याच आठवड्यात उलटून पाहिला होता.

"काय आहे, बाई?" साहेबांनी विचारलं. त्यांचा अभ्यास कासवांचा. ह्या प्राण्याची ओळख पटवणारी तिथे मी एकटीच. 'वाळा' एवढं म्हटलं असतं तर मीनलने आनंदाने ते सोडून दिलं असतं.

मी भिंग काढलं. आधी खवले शोधले. वाळ्याला चकचकीत खवले असतात. मी ते अगदी मनापासून शोधले. एक दिसेल तर शपथ! कातडी बुळबुळीत, अंगभर वळी. आणि डोळा व नाकपुडी यांच्या मध्ये मिशीच्या केसाएवढा तंतू. तो फक्त देवगांडुळालाच असतो.

"देवगांडूळ आहे, सर."

"नक्की?"

"नक्की."

"वा, मिस सावंत! जिल्ह्यातली पहिली नोंद तुमच्या नावावर!"

मीनल माझ्याकडे वळली. "म्हणजे चांगलं ना, बाई?"

मला तिच्या हातातला रुमाल हिसकावून तळ्यात फेकावासा वाटला. मी "हो, चांगलं" म्हटलं, मोजमाप घेतलं आणि ढीग होता तसा लावून ठेवला.

चहाच्या वेळी ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"बाई, रागावलात का?"

"नाही."

"मग केव्हापासून रिकामा कप ढवळताय ते?" आणि मग हळूच, "मी काय केलं हो? तुम्ही शिकवलंत तेच तर केलं."

ह्याने बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच झोंबलं.

वर्षाच्या आत मीनल बँकेत लागली आणि मुंबईला गेली. त्यानंतर ती कधी तळ्याकाठी उतरल्याचं मी ऐकलं नाही. मला पुढे बरीच देवगांडुळं सापडली. पण खात्यात कुणी नवीन आलं की साहेब ओळख करून द्यायचे, "ह्या पेडणेकर बाई. मीनल सावंत ह्यांचीच स्टुडंट."

शिकवायला जाणाऱ्यांना मी एवढंच सांगते: आपल्याला जे स्वतः शोधायचंय, त्या तळ्यावर क्लास नेऊ नका.