राबेनमुटरचं कूळ

पाहुणे दिसले की पोरांना उभं करून काहीतरी म्हणून दाखवायला लावायची आम्हाला खोडच आहे. लंडनमधल्या एजवेअरच्या हळदीकुंकवात मी तेच केलं, नि तेही एकवीस वर्षांच्या घोडीला. लेक नॉटिंगहॅमला जर्मन शिकते. एका जर्मन जोडशब्दाच्या मुळावर लिहिलेल्या निबंधाला तिला फर्स्ट क्लास मिळाला होता. मला मिरवायचं होतं, दुसरं काय! "सांग गं मावशींना, मराठीत सांग." ती दोनदा नको म्हणाली. मी ऐकते कुठली!

"शब्द आहे राबेनमुटर. राबे म्हणजे डोमकावळा, मुटर म्हणजे आई. हा मुटर आणि आपला माता एकाच जुन्या शब्दातून आलेत."

"अगंबाई, म्हणजे आपल्यातलीच की ही!" घरच्या बाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मी तर नुसती फुलले होते.

"जी आई मुलांना टाकून जॉबला जाते, तिला जर्मन लोक राबेनमुटर म्हणतात. शिवी आहे."

हसणं तिथंच थांबलं. आम्ही सहाही जणींनी नोकरी टिकवायला तान्ही पोरं भारतात आपापल्या आईकडे धाडली होती. तेव्हा सगळेच धाडायचे. माझी हीच लेक आठ महिन्यांची गेली, तीन वर्षांची होऊन आली, नि विमानतळावर मला 'काकू' म्हणाली. हा किस्सा मी हसत हसत सांगत आलेय, बेशरमासारखी.

मिल्टन कीन्सला घरी परतताना गाडीत मी धुमसत होते. शेवटी राहवेना.

"चारचौघींत माझी अब्रू काढलीस, कार्टे! टाकते का गं खरंच ती डोमकावळीण पिल्लं?"

"नाही. पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरट्यातून बाहेर येतात. लोकांना वाटायचं, आईनं फेकली."

इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! पहिल्या राउंडअबाउटला मी चक्क हसले.

"बघ! म्हणजे बिचारीवर उगाच आळ. तिचा काही दोषच नव्हता."

"तिचा नव्हता, आई," लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ती तिथेच असते. खाली येऊन भरवते त्यांना."