माघारीच्या वाटेवरचा रंग

गाडी सुरू झाली नाही की तुम्ही आधी काय शोधता? बिघाड, की तो ज्याच्या माथी मारता येईल असा माणूस? खरं सांगा. मी स्वतः माणूस शोधणाऱ्यांतला होतो, म्हणून विचारतोय.

परभणीत गंगाखेड रोडला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारचा गाळा मिस्त्रींचा होता. गाड्यांच्या वायरिंगचं काम. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मिस्त्री उजव्या हाताचा पंजा वर करायचे. म्हणजे थांबा. मग म्हणायचे, "काय बिघडलंय ते सांगू नका. काय दिसलं ते सांगा."

एकदा विद्यापीठातले एक प्राध्यापक कार घेऊन आले. ओढूनच आणली होती. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून निदान करून टाकलं होतं, की सेल्फ मोटर गेली. मिस्त्री म्हणाले, मग नवी बसवा की, माझ्याकडं कशाला आलाव? प्राध्यापक चिडले. मिस्त्रींनी बोनेट उघडलं, बॅटरीचं टर्मिनल हातानं हलवून दाखवलं, पान्ह्यानं आवळलं. गाडी सुरू. प्राध्यापकांचा चेहरा बघून मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला. माणसाला उघडं पाडल्यावर तसंच सोडायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता.

त्यांच्या खिशात कायम एक हत्यार असे. एक छोटा दिवा आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. तो दाखवून म्हणायचे, "ह्याला जात न्हाई, पक्ष न्हाई. करंट आसंल तर पेटतंय, नसंल तर न्हाई."

मी घोषणांवर वाढलेला. आमच्या घरात पेपरपेक्षा पत्रकं जास्त. त्यामुळे वंदनाचं प्रकरण कानावर आलं तेव्हा मी तासाभरात पत्रक टाईप करून मोकळा झालो.

वंदना एका शाळेची जीप चालवायची. गोदाकाठच्या तीन गावांतल्या मुली त्या जीपमधून शाळेला येत. जीप महिनाभर त्रास देत होती. सकाळी सुरू होई, दुपारी अडून बसे. नवी बॅटरी टाकली तरी तेच. शेवटी शाळेच्या सचिवांनी गेटवर, सगळ्या पालकांसमोर, तिला सुनावलं. म्हणाले, ही गाडीत गाणी ऐकत बसते, लाइट चालू ठेवते आणि बॅटरी उतरवते. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली हीच चूक झाली. वंदनाला सोबत घेऊन सचिवांनी जीप ट्रॅक्टरला बांधून मिस्त्रींकडे आणली ती दुरुस्तीपेक्षा पुराव्यासाठी. मिस्त्रींचा शब्द गावात चालायचा. त्यांनी एकदा "ड्रायव्हरची चूक" म्हटलं की सचिव तिला त्याच दिवशी काढणार होते. तिची नोकरी तेवढ्या शब्दावर टांगलेली. आणि ती गेली असती तर तीन गावांतून दुसरी बाई स्टिअरिंगला हात लावायला धजली नसती.

मी माझं पत्रक मिस्त्रींच्या हातात दिलं. त्यांनी सावकाश वाचलं.

"ह्यात लिवलंय ती बिनदोषी हाय. तुला कसं ठावं, पुढारी?"

मी म्हणालो, गरीब घरची आहे, कष्टाळू आहे.

"गरीब माणूस लाइट चालू ठिवून इसरत न्हाई का?"

त्यांनी पत्रकाची घडी घालून मला परत दिली. म्हणाले, आधी मोजू, मग छाप.

सचिव बोलायला लागले तसा पंजा वर गेला. मिस्त्री वंदनाकडे वळले. तिला काय दिसलं होतं? ती आधी घाबरत, मग नीट सांगू लागली. किल्ली फिरवली की नुसती टक. टक होताना हेडलाइट मंद, हॉर्नही दबका. आणि बॅटरीची काळी तार खाली चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे बोल्टनं आवळलीय, तिथे हात लावला तर चटका बसला.

मिस्त्रींनी हातातला चहा खाली ठेवला. "हे कुणाला सांगितलं व्हतंस?"

"साहेबांना. ते म्हणले, उन्हानं तापलं आसंल."

मिस्त्रींनी काट्याचा जुना मीटर काढला आणि तो सचिवांच्याच हातात दिला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं चासीवर खरवडून उघड्या केलेल्या लोखंडाला. तार नीट जोडलेली असेल तर काटा जागचा हलायला नको, एवढंच त्यांना सांगितलं. वंदनानं किल्ली फिरवली. टक. काटा उसळला आणि आठ व्होल्टवर गेला. सचिव मीटरकडे असे बघत राहिले, जसं काही त्यानं त्यांना नावानं हाक मारली.

मग मिस्त्रींनी एक जाड तार घेतली आणि निगेटिव्हवरून थेट इंजिनला लावली. "मार किल्ली, पोरी."

जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. रस्त्यावरचे दोन रिक्षावाले थांबून बघू लागले. मी ओरडलो बहुतेक.

गाडी बंद करून मिस्त्रींनी तो चटका देणारा बोल्ट काढला. तारेच्या खाली ऑईलपेंटचा जाड थर. दसऱ्याच्या पूजेला गाडी खालून-वरून चकचकीत दिसली पाहिजे, म्हणून सचिवांनी स्वतः उभं राहून चासीसुद्धा रंगवून घेतली होती. पेंटरनं तार मोकळी करून खाली रंग मारला आणि तार रंगावरच आवळली. काही दिवस बोल्टच्या आट्यांतून करंट कसाबसा गेला. तिथे गंज धरला, तसा तोही अडला.

"करंट नुसता जाऊन भागत न्हाई साहेब, माघारी यावा लागतोय," मिस्त्री म्हणाले. "त्याच्या माघारीच्या वाटंवर तुमी रंग मारला. ह्या पोरीनं महिनाभर आडलेली गाडी वडली, वर बिघाडाची जागाबी दाखविली."

रंग खरवडला, लोखंड चमकलं, तार आवळली. सचिव वंदनाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, ठीक आहे, उद्यापासून ये.

मिस्त्रींनी जीपची किल्ली उचलून स्वतःच्या खिशात टाकली.

"आळ घेताना गेटवर घेतला, आन आता कानात सांगायलाव?"

सचिवांनी मजुरी विचारली. मिस्त्री म्हणाले, गेटवर जाऊन सगळ्यांपुढं सांगायचं, हीच मजुरी. शेवटी आम्ही सगळे त्याच जीपमधून शाळेवर गेलो. मिस्त्रींनी स्वतः किल्ली लावून दिली, वंदना चालवत होती, सचिव तिच्या शेजारी; पोचल्यावर मिस्त्रींनी किल्ली पुन्हा काढून घेतली. शाळा सुटायची वेळ, गेटवर पालक होतेच. सचिव पहिल्यांदा पुटपुटले. मिस्त्री मागून म्हणाले, त्या दिवशी एवढं हळू व्हतं का? मग सचिवांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की दोष रंगाचा होता, तो मी लावायला सांगितला होता, बाईंची काही चूक नव्हती. मुलींनी जो गलका केला तो आजही माझ्या कानात आहे. वंदना रडली नाही. तिनं हात पुढे केला आणि मिस्त्रींनी त्यात किल्ली ठेवली.

मिस्त्री गेल्या वर्षी वारले. गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. वंदना तीच जीप चालवते आणि एका गावातली दुसरी एक बाई तिच्याकडे गाडी शिकते आहे.

तुमच्याकडून एकच हवं आहे. चारचौघांत कुणावर घेतलेला तुमचा आळ खोटा निघाला असेल, तर त्याला एकट्याला गाठून सांगू नका, फोनवर उरकू नका. त्याच जागी जा, तीच माणसं जमवा, आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात तो मागे घ्या. आज जा.