धुळ्याहून जळगावला नेलेला कॉम्प्युटर

मी पेशाने टायपिस्ट. धुळ्याच्या एका कचेरीत वीस वर्षं टाइपरायटर बडवला, त्यामुळे बटणं असलेलं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं असा माझा पक्का समज होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरात एक जुना, कुणीतरी वापरलेला कॉम्प्युटर आणला तेव्हा गल्लीत मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन फिरत होतो.

तो आणला बायकोसाठी. ती हायस्कुलात शिकवायची आणि चाळिशीत एम.फिल. करत होती. यावलकडे केळीच्या बागांत मजुरीला जाणाऱ्या बायकांच्या मुली शाळा कधी आणि का सोडतात, हा तिचा विषय. दोन वर्षं सुट्ट्या पाहून ती एस.टी.ने तिकडे जायची, बांधावर बसून त्या बायकांशी बोलायची आणि उन्हाने काळवंडून परत यायची. पहिली दोन प्रकरणं तिने वहीत लिहिली, मी ती टाइप केली. मग मीच म्हणालो, "वही कशाला? तू सांग, मी थेट टाइप करतो." पुढची दोन प्रकरणं तशी झाली. ती मेथी निवडत सांगायची, मध्येच "थांबा, हे खोडा, असं नाही म्हणाली ती बाई," म्हणायची, मी खोडायचो. आमच्या संसारात आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो.

दिवाळी झाली आणि कॉम्प्युटर बिनसला. पंधरा मिनिटं गुण्यागोविंदाने चालायचा, मग पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. थोड्या वेळाने पडदा काळा व्हायचा आणि कॉम्प्युटर आपला आपणच पुन्हा सुरू व्हायचा, जणू काही झालंच नाही. प्रबंध द्यायची शेवटची तारीख डिसेंबरअखेर होती, आणि शेवटचं प्रकरण अजून व्हायचं होतं.

टीव्ही दुरुस्त करणारा आला, म्हणाला व्होल्टेज कमी पडतं. स्टॅबिलायझर बसवला. कॉम्प्युटर थिजला. वायरी काढून फडक्याने पुसल्या, पुन्हा लावल्या. थिजला. जागा बदलली, खिडकीपाशी ठेवला. आई शिंदखेड्याकडची, ती दाराशी उभी राहून म्हणाली, "त्याले नजर लागेल शे, भाऊ. बठ्ठी गल्ली दखी गई." सगळी गल्ली येऊन बघून गेली ना, म्हणून तिने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. त्या दिवशी तो वीस मिनिटं चालला, एवढं मात्र खरं.

मला काही सुचत नव्हतं आणि सुचलं नाही की मी ओरडतो, हा माझा जुना रोग. आईवर ओरडलो. बायकोला म्हणालो, "तूच माझ्या माघारी काहीतरी दाबलं असशील." त्यानंतर कॉम्प्युटरचा विषयच तिने काढला नाही, आणि मला वाटलं, बरं झालं, माझ्या डोक्याचा ताप कमी झाला.

शेवटी एका सोमवारी रजा टाकली, कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला आणि एस.टी.त मांडीवर घेऊन जळगावला निघालो. पारोळ्यापर्यंत पायाला मुंग्या आल्या होत्या, पण खाली ठेवायची हिंमत नव्हती.

जळगावचा मेकॅनिक हुशार म्हणून सांगितलेला. त्याने दोन-चार वेळा चालू-बंद केला आणि म्हणाला, "व्हायरस असेल भाऊ. सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. आतलं काही ठेवायचंय का?"

"सगळं फ्लॉप्यांत आहे," मी म्हणालो. तीन फ्लॉप्या मी स्वतः भरून घरी कपाटात ठेवल्या होत्या. त्या उघडतात का, हे कधी पाहिलं नव्हतं. टाइप केलेला कागद कपाटात ठेवला की ठेवला, तो पुन्हा उघडतो का असं कुणी पाहतं का?

त्याने सगळं पुसलं, नव्याने भरलं. आणि त्याच्या टेबलावर, त्याच्या डोळ्यांदेखत, कॉम्प्युटर पुन्हा थिजला.

तेव्हा कुठे त्याने झाकण उघडलं. आत एक छोटा पंखा होता, मुख्य चिप गार ठेवणारा. तो फिरतच नव्हता, म्हणून चिप तापून सगळं थिजत होतं. मेकॅनिकने चिमट्याने पात्याखालून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा, कुंकवाने लाल झालेला.

दसऱ्याला आमच्या कचेरीत टाइपरायटर पुजतात. वरचं झाकण उचलायचं, अक्षरांच्या दांड्यांवर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. दाणे खालून गळून जातात, संध्याकाळी शिपाई झाडून घेतो. त्या दसऱ्याला मी घरीही तसंच केलं होतं. झाकण उघडून पूजा आतच केली, कारण यंत्राचा जीव आत असतो. मूठभर अक्षता टाकल्या, दुसऱ्या दिवशी फुलं काढली, झाकण लावलं. टाइपरायटरला खालून वाट असते, याला नव्हती. दाणे आतच घरंगळत राहिले आणि दिवाळीनंतर त्यातला एक पंख्यात अडकला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि चोर मीच होतो.

तरी परत येताना मी खूश होतो. खोड सापडली होती. घरी येऊन कॉम्प्युटर मांडला, पहिली फ्लॉपी घातली, पहिलं प्रकरण आलं. दुसरीत दुसरं आलं. तिसरी घातली तर आतून खरखर आवाज आला आणि वाचता येत नाही अशी पाटी आली. पुन्हा घातली, फुंकर मारून घातली. तिसरं आणि चौथं प्रकरण त्या एकाच फ्लॉपीत होतं.

बायको मागे उभी होती. म्हणाली, "ती उघडत नाही. परवा शाळेतल्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही चिडलेले होतात. आणि तुम्ही दुरुस्तीला नेत होतात, तिथे सगळं पुसतील हे मला काय माहीत? घरच्या कॉम्प्युटरवर आहे म्हणून मी निश्चिंत होते."

डिसेंबर गेला. टिपणांचे चिटोरे होते, पण त्या बायका जे बोलल्या ते सगळं तिच्या तोंडून माझ्या बोटांत आलं होतं आणि तिथून गेलं होतं. मी म्हणालो, पुन्हा सांग, मी टाइप करतो. ती चार ओळी सांगायची आणि थांबायची, म्हणायची, आता तसं आठवत नाही. एम.फिल. राहिलं ते राहिलंच. कॉम्प्युटर मात्र पुढे तीन वर्षं एकदाही थिजला नाही.

ती मला फक्त एकदाच बोलली, तेही आवाज न चढवता. "पुसण्याआधी एक फोन करायचा होता शाळेत. शिपाई बोलवायला आला असता मला."

मी म्हणालो, "तिथे जवळपास फोन नव्हता."

एस.टी.डी. बूथ मेकॅनिकच्या दुकानाला लागूनच होता. तो सगळं पुसत होता तेवढा वेळ मी त्याच बूथच्या पायरीवर बसून चहा पीत होतो. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.