प्रश्न उद्भवत नाही

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. अब्बांच्या मशीनखाली कापडाच्या चिंध्या साठतात, तसे ते साठतात. संध्याकाळी झाडायला घेतलं की कुठली चिंधी कुणाच्या सदऱ्याची, हे मला बरोबर सांगता येतं. किश्श्यांचंही तसंच आहे.

अब्बांचं शिलाईचं दुकान बेंबळीत एसटी थांब्यासमोर आहे. आमचे आमदार तिथंच बसतात. ते विरोधी पक्षाचे. आधी शाळेत मास्तर होते, म्हणून सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांना ऑफिस नाही. "बाकडं शिंप्याचं, पेपर हॉटेलवाल्याचा आणि चहा ज्याला दया येईल त्याचा!" असं ते स्वतःच सांगतात.

शाळा सुटली की मी आत काज-बटणं करत बसते. मी फारशी बोलत नाही. त्यामुळं मी तिथं आहे हे लोक विसरतात, आणि मला सगळं ऐकू येतं.

*

यंदा दुष्काळामुळं रेशनवर तांबडी मिलो ज्वारी येते. तिची भाकरी थापताना चिरते आणि गार झाली की कौलासारखी होते. मंत्र्यांनी मात्र विधानसभेत सांगितलं की धान्य उत्तम आहे.

गुरुजींनी तिथंच कोटाच्या आतल्या खिशातून भाकरी काढली आणि वर धरली. हा खिसा अब्बांनी त्यांच्या सांगण्यावरून मोठा शिवला होता. "गुरुजी, एवढ्या खिशात तर पोरगं बसंल!" असं अब्बा तेव्हा म्हणाले होते.

सभागृहात एकच गलका झाला. अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी सभागृहात खाद्यपदार्थ आणू नयेत."

गुरुजी म्हणाले, "अध्यक्ष महाराज, हा खाद्यपदार्थ आहे का, हाच तर माझा प्रश्न आहे!"

*

सरकारी पक्षाचे एक आमदार आहेत, बाबूराव. लहानपणी ते गुरुजींच्याच वर्गात होते. गुरुजी बोलायला उभे राहिले की बाबूराव समोरच्या बाकांवरून ओरडतात, "खाली बसा! खाली बसा!"

एकदा चारा छावणीवर बोलताना हे फारच झालं. गुरुजींनी भाषण थांबवलं. चष्मा काढला. समोर बघून एवढंच म्हणाले, "बाबू, हात पुढं कर!"

बाबूरावांनी दोन्ही हात पाठीमागं लपवले.

त्या दिवशी मंत्रीसुद्धा हसले, असं गुरुजी सांगतात. छावणीला चारा मात्र आला नाही. तेही ते सांगतात.

*

गावच्या शेतकी सोसायटीच्या सभेत गुरुजी बोलायला लागले की माईक बंद पडतो. चेअरमन म्हणतात, लाईट गेली. पंखा चालू असतो.

मागच्या वेळी गुरुजींनी माईक बाजूला सरकवला आणि वर्गात लावायचे तसा आवाज लावला. "बरं झालं! आता ज्यांना ऐकायचं नाही, त्यांनाबी ऐकू जाईल."

*

गुरुजींचं अक्षर वाईट आहे. म्हणून विधानसभेत पाठवायच्या प्रश्नांची पक्की प्रत मी करते. या प्रश्नांची एक ठरलेली रीत असते. पहिल्या भागात विचारायचं, अमुक गोष्ट खरी आहे काय. दुसऱ्या भागात, खरी असल्यास सरकारने काय केले. मग छापील उत्तर येतं. पहिल्याचं उत्तर, "हे खरे नाही." दुसऱ्याचं, "प्रश्न उद्भवत नाही."

बहुतेक सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर! त्यामुळं आमच्या दुकानात ते सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे. एकाने विचारलं, "मिस्त्री, ईदेच्या आधी माझा सदरा हुईल का?" अब्बा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "तुम्ही कापड आणलंय, हे खरं नाही. शिवायचा प्रश्न उद्भवत नाही!"

एकदा गुरुजींनी मला प्रश्न मोठ्यानं वाचायला सांगितला. दुकानात चार माणसं होती. मी वाचला, पण तो मलाच ऐकू आला.

गुरुजी म्हणाले, "शमीम, इतक्या हळू तर मंत्रीसुद्धा उत्तर वाचत न्हाईत!"

*

तो प्रश्न गोदामावशीच्या वस्तीचा होता. आमच्या गावाबाहेर माळावर ही वस्ती आहे. तिथल्या विहिरीचा तळ उघडा पडलाय. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि मग ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची, असं तिथल्या बायकांचं चाललं आहे. मावशीची सून बाळंत झाली, तेव्हा बाळाला अंघोळ घालायला मावशीला गावात पाणी मागत फिरावं लागलं.

तिला टँकर हवा होता. एवढंच. दर बाजाराला ती दुकानात यायची. "जय भीम, गुरुजी. आलं का उत्तर?"

एके दिवशी उत्तर आलं. गुरुजींनी वाचून दाखवलं. वस्तीत पाणीटंचाई आहे, हे खरे नाही. तेथे टँकर चालू आहे. सबब पुढील प्रश्न उद्भवत नाही.

मावशीनं विचारलं, "उद्भवत न्हाय म्हंजी?"

"म्हणजे पहिल्याला न्हाय म्हटलं, की दुसऱ्याला उत्तर द्यायची गरजच उरत न्हाय."

मावशीनं तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "लई सोपं हाय की वो सरकारचं काम! म्या उगंच खडी फोडत बसले."

*

गुरुजी पुढच्या बैठकीत पुन्हा उभे राहिले. म्हणाले, "हा टँकर वस्तीतल्या एकाही माणसाला दिसलेला नाही. मंत्रीमहोदयांनी स्वतः येऊन तो आम्हाला दाखवावा."

मंत्री रागाच्या भरात म्हणाले, "येतो!" आणि खरंच त्यांचं यायचं ठरलं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी दिली होती. मी अब्बांबरोबर वस्तीवर गेले. पाहते तो काय, सकाळीच टँकर येऊन विहिरीत पाणी ओतून गेले होते! पोरं टँकरच्या चाकोऱ्या बघत उभी होती. विहिरीजवळ तालुक्याचे एक साहेब बायकांना दटावत होते, "मंत्रीसाहेब जाईपर्यंत कुणी पाण्याला हात लावायचा नाही!"

गुरुजींनी विहिरीत डोकावलं. त्यांचं तोंड उतरलं. अब्बांना हळूच म्हणाले, "मिस्त्री, आज मी खोटा ठरणार. आणि टँकर कायमचा गेला."

गोदामावशी जवळच उभी होती. "गुरुजी, पानी वतलंय न्हवं? मग गप बसा की. सायबास्नी चांगलं मोठं भाषन करू द्या."

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं, मग विहिरीकडं पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

मंत्री आले. विहिरीत डोकावून खूश झाले. "काय गुरुजी, विहिरीला पाणी आहे की!"

"आहे, साहेब," गुरुजी म्हणाले. "आता दोन शब्द बोला. सरकारनं दुष्काळात काय काय केलं, ते लोकांना सविस्तर कळू द्या."

विरोधी आमदार असं म्हणतोय म्हटल्यावर मंत्र्यांना भरतंच आलं. लिंबाच्या सावलीत मांडव होता. त्याला विहिरीच्या बाजूनं कनात लावली होती. ते बोलायला लागले. दटावणारे साहेबही पुढच्या खुर्चीत बसून मान हलवत होते. थांबायची वेळ आली की गुरुजी उठायचे. "साहेब, बंधाऱ्यांचं राहिलं." "साहेब, रस्त्यांचंबी सांगा." मंत्री पुन्हा सुरू व्हायचे. सरकारला एवढ्या आपुलकीनं बोलतं करताना मी गुरुजींना कधी पाहिलं नव्हतं.

बाया एकेक करून मांडवातून उठून जात होत्या. मी कडेला बसले होते, तिथून कनातीपलीकडची विहीर दिसत होती. घागरी, हंडे, कळशा, रॉकेलचे धुतलेले डबे, लग्नातली पातेली, सगळं येत होतं आणि भरून जात होतं. मावशीनं बांगड्या वर सारून पदरानं बांधल्या होत्या. पोहऱ्याचा आवाज होत नव्हता.

शेवटी मंत्र्यांचा घसा बसला. ऊन चढलं होतं. ते खोकले आणि म्हणाले, "जरा पाणी द्या हो!"

दटावणारे साहेब धावत गेले. त्यांनी पोहरा विहिरीत सोडला. खाली दगडावर खणकन वाजलं. मांडवात सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी पोहरा वर ओढला आणि नुसताच हातात धरून उभे राहिले.

मंत्र्यांनी इकडं तिकडं पाहिलं. समोर गोदामावशी उभी होती. डोक्यावर घागर, काठोकाठ.

"बाई, पाणी..."

"सायब," मावशी घागर न हलवता म्हणाली, "इथं पानी कमी हाय, हे खरं न्हाय, असं तुमीच लिवून दिलंय. तवा तुमच्या तहानंचा प्रश्न उद्भवत न्हाय!"